सोलापूरच्या उन्हात टिकेल असं डांबर: पीएमबी तपासणीचा अनुभव

साध्या व्हीजी-३० प्रतीच्या डांबराचा सॉफ्टनिंग पॉइंट, म्हणजे ते मऊ पडायचं तापमान, आयएस ७३ या भारतीय मानकाप्रमाणे किमान ४७ अंश सेल्सिअस लागतो. सोलापुरात मे महिन्यात हवाच ४२-४३ अंशांवर जाते आणि दुपारी दोन-अडीचला काळ्या रस्त्याचा पृष्ठभाग साठी ओलांडतो. साइटवर इन्फ्रारेड थर्मामीटर रोखून हा आकडा मी दर उन्हाळ्यात बघत आले आहे. म्हणजे सर्टिफिकेटवर पास झालेलं डांबर रस्त्यावर रोज दुपारी आपल्या मऊपणाच्या हद्दीपलीकडे गेलेलं असतं. नेमकं तेव्हाच वरून होटगीकडचे सिमेंटचे बल्कर, औष्णिक केंद्राकडून राख घेऊन निघालेले बल्कर आणि हैदराबादच्या दिशेने जाणारे लांबलचक ट्रेलर जात असतात.

मी महामार्गाच्या कामांवर क्वालिटी कंट्रोल बघते. शहराबाहेरच्या एका चौपदरी पट्ट्यावर वरचा थर नव्याने टाकायचा होता. त्यासाठी पॉलिमर मॉडिफाइड बिटुमेन, म्हणजे पॉलिमर मिसळलेलं डांबर, आमच्या बोलण्यातलं पीएमबी, कोणाचं घ्यायचं याची तपासणी माझ्याकडे आली. ती कशी केली, कुठल्या चाचणीतून काय कळलं आणि कुठल्या आकड्यावर विसंबून चालत नाही, हे सविस्तर लिहिते आहे. साइटवर नव्याने रुजू झालेल्या मुलामुलींना हे सगळं एका जागी मिळत नाही, आणि सर्टिफिकेट फाइलला लावलं की तपासणी संपली अशी सवय फार लवकर लागते.

पण पीएमबी कोणाचं, याच्या आधी पीएमबी मुळात लागणार आहे का, हा प्रश्न होता. जुन्या रस्त्याच्या डाव्या लेनमध्ये चाकांच्या ओळीत दोन खोल चाकोऱ्या पडल्या होत्या. पावसाळ्यात त्यांत पाणी साचायचं, दुचाकीवाले घसरायचे. चाकोरी दिसली की डांबराला दोष देऊन मोकळं व्हायची घाई होते. आमच्या जिल्ह्यात ती घाई परवडत नाही, कारण बऱ्याच ठिकाणी खाली काळी माती आहे. पावसात फुगणारी, उन्हाळ्यात भेगाळणारी ही माती खचली तर वरचे सगळे थर तिच्यामागे खाली जातात. तसं असेल तर वर कितीही महागाचं डांबर घाला, चाकोरी पुन्हा पडणार.

म्हणून लेनच्या आडवा खड्डा कापून घेतला. थरांच्या कडा पाण्याने स्वच्छ धुतल्या, वरून दोरी ताणली आणि प्रत्येक थराची जाडी चाकाखाली किती, चाकाबाहेर किती, ते मोजलं. जीएसबी आणि डब्ल्यूएमएम हे खडीचे थर सरळ होते. त्यांच्यावरचा डांबर-खडीचा थर, डीबीएम, तोही जवळपास जागेवर होता. सगळ्यांत वरचा डांबरी थर, बीसी, मात्र चाकाखाली पातळ झालेला आणि दोन्ही बाजूंना वरंब्यासारखा उचललेला होता. माल खाली दबला नव्हता, आडवा सरकला होता. त्याच थराचे तुकडे लॅबमध्ये धुऊन खडीची प्रतवारी आणि डांबराचं प्रमाण पाहिलं, ते मर्यादेत होतं. तेव्हा कुठे मी अहवालात लिहिलं की इथे बाइंडर, म्हणजे खडी बांधून ठेवणारं डांबर, बदलण्यात अर्थ आहे. हे पाऊल वगळून थेट पीएमबी मागवणारे लोक मी पाहिले आहेत. पॉलिमरच्या पैशातून मातीचा आजार बरा होत नाही.

पॉलिमर डांबरात नेमकं काय करतं, हे थोडक्यात. रस्त्याच्या पीएमबीमध्ये बहुधा एसबीएस असतं, स्टायरिन-ब्युटाडाइन-स्टायरिन. त्याच्या साखळीची दोन्ही टोकं कडक आणि मधला भाग रबरासारखा असतो. डांबरात मिसळल्यावर ते डांबरातली तेलं शोषून फुगतं. कडक टोकं एकमेकांना चिकटून गाठी बांधतात, आणि पुरेसं पॉलिमर असेल, नीट दळलं गेलं असेल, तर गाठींचं सलग जाळं तयार होतं. साधारण १०० अंशांच्या वर या गाठी सैल पडतात, म्हणून डांबर-खडी मिसळायच्या प्लांटमध्ये पीएमबी पंपाने ओढता येतं. रस्त्यावर थंड झालं की गाठी परत बसतात. एसबीएसचं प्रमाण वजनाने साधारण ३ ते ५ टक्क्यांच्या घरात असतं. एवढ्याशा पॉलिमरवर सगळी मदार असल्यामुळे ते कितपत पसरलं आहे आणि टिकून राहिलं आहे का, हे प्रमाणाइतकंच महत्त्वाचं ठरतं.

आमच्याकडे तीन पुरवठादारांचे प्रस्ताव होते. त्यांना मी पहिला, दुसरा, तिसरा एवढंच म्हणते. तिघांच्याही सर्टिफिकेटवर ग्रेड एकच, पीएमबी ७६-१०. आयएस १५४६२ ची २०१९ ची सुधारणा आल्यापासून ग्रेडची नावं अशी झाली आहेत: ६४-१०, ७०-१०, ७६-१०, ८२-१० आणि ७६-२२. पहिला आकडा वरचं तापमान, दुसरा शून्याखालचं. ही पद्धत मूळ अमेरिकेतली. तिथे १९८७ ते १९९३ या काळात एसएचआरपी नावाचा मोठा संशोधन कार्यक्रम झाला आणि त्यातून सुई डांबरात किती खोल जाते यावरून प्रत देण्याऐवजी रस्त्याच्या तापमानावरून प्रत द्यायची रीत निघाली. दर पायरी सहा अंशांची. आपल्याकडे जुने ठेकेदार अजून ‘साठ-सत्तर’ डांबर मागतात, तो हिशेब सुईच्या खोलीचा होता. आयएस ७३ मध्ये २००६ सालीच व्हिस्कॉसिटीवरची, म्हणजे दाटपणावरची, प्रत आली, तरी शब्द सुटला नाही.

पुरवठादारांनी पाठवलेले डबे चकचकीत होते, सीलबंद होते, लेबल छापलेलं होतं. ते मी तपासले, पण निर्णय त्यांवर घ्यायचा नाही हे आधीच ठरवलं होतं. डब्यात येतं ते त्यांच्या लॅबमधलं ताजं डांबर. रस्त्यावर येतं ते मुंबईकडून चारशे किलोमीटर गरम टँकरमध्ये घुसळत आलेलं, मग आमच्या प्लांटच्या टाकीत एक-दोन दिवस उकाड्यात बसलेलं. तिघांचेही टँकर आसपासच्या कामांवर येत होते. त्या त्या प्लांटवर जाऊन, तिथल्या लोकांची परवानगी काढून, टँकरमधून आणि टाकीतून नमुने घेतले.

टँकरचा नमुना घेणं हे अर्धं काम धीराचं आहे. व्हॉल्व्ह उघडल्यावर आधी नळीतलं जुनं डांबर बादलीत सोडून द्यायचं, मग डबा धरायचा. हातात जाड कोपरापर्यंतचे हातमोजे, तोंडावर शील्ड, आणि डबा आतून पूर्ण कोरडा हवा. गरम डांबरात पाण्याचा थेंब गेला तर ते फेसाळून उसळतं आणि अंगावर येतं. एका ठिकाणी टँकरचा ड्रायव्हर घाई करत होता. “मॅडम, रिकामं करून मला रात्रीत परत जायचंय, डबा भरा आन सोडा की.” आमच्या लॅबमधले मामा, ज्यांनी वर्षानुवर्षं डांबर बघितलं आहे, त्याला म्हणाले, “अण्णा, तुमी च्या घ्या तवर. ह्यात घाई केली तर तुमचाच माल नापास हुईल.” तो हसला आणि चहाला गेला. आम्ही सील नंबर, चलनावरची वेळ आणि टँकरच्या तापमापकाचा आकडा वहीत उतरवून मग डबे भरले.

लॅबमध्ये आल्यावर पहिलं काम म्हणजे मोठ्या डब्यातलं डांबर एकदाच गरम करून लहान डब्यांत वाटणं. पीएमबी जितक्या वेळा तापवाल तितकं ते म्हातारं होतं. प्रत्येक चाचणीला तोच मोठा डबा पुन्हा पुन्हा ओव्हनमध्ये घातला तर शेवटच्या चाचणीला आलेलं डांबर पहिल्या चाचणीचं राहत नाही. शेगडीवर थेट ज्योतीवर तापवणं तर नकोच. तळाशी जळतं, वर घट्ट राहतं, आणि हलवताना हवेचे बुडबुडे शिरतात.

सॉफ्टनिंग पॉइंटची चाचणी सगळ्यांना माहीत असते. पितळी कड्यात डांबर, त्यावर साडेतीन ग्रॅमची गोळी, मिनिटाला पाच अंश या गतीने तापवायचं आणि गोळी डांबरासकट २५ मिलिमीटर खाली टेकली की तापमान वाचायचं. ८० अंशांच्या आत पाणी, वर ग्लिसरीन. दुसऱ्या पुरवठादाराचा सॉफ्टनिंग पॉइंट तिघांत सर्वांत वर आला. साइट ऑफिसमध्ये त्याच दिवशी बोलणं सुरू झालं की मग ठरलंच. आमच्या कामावरचे सल्लागार अभियंते अनुभवी आहेत, मनापासून काम करणारे आहेत. तेही म्हणाले, “मॅडम, ज्याचा सॉफ्टनिंग पॉइंट जास्त ते सोलापूरला चांगलं, आम्ही इतकी वर्षं असंच घेत आलो.” मी म्हटलं, “सर, उद्या सकाळी लॅबला या. इलास्टिक रिकव्हरी तुमच्यासमोर काढू.”

कारण सॉफ्टनिंग पॉइंट चढवायला पॉलिमरच लागतं असं नाही. मेणासारखे पदार्थ घातले तरी तो चढतो. गरम डांबरात हवा फुंकून ते कडक केलं तरी चढतो. या सगळ्यांत डांबर घट्ट होतं, पण दाबल्यावर परत उठायची ताकद त्यात येतेच असं नाही. चाकोरी पडते ती दर चाकागणिक राहून गेलेल्या केसभर दाबाची बेरीज होऊन. म्हणून बघायचं हे की चाक गेल्यावर डांबर किती मागे येतं.

इलास्टिक रिकव्हरीची चाचणी मला मनापासून आवडते, कारण ती डोळ्यांना दिसते. डक्टिलिटीच्या, म्हणजे डांबर ताणून बघायच्या चाचणीच्या, पितळी साच्यात डांबर ओततात. साच्याला खालून आणि आतून ग्लिसरीन-डेक्स्ट्रिनचा लेप, नाहीतर डांबर पितळेला सोडत नाही. थंड झाल्यावर वरचं जास्तीचं डांबर गरम सुरीने सपाट कापायचं. मग १५ अंशांच्या पाण्यात ठेवून मिनिटाला पाच सेंटिमीटर या गतीने दहा सेंटिमीटरपर्यंत ताणायचं, मधोमध कात्रीने कापायचं आणि तासभर हात लावायचा नाही. तासाने दोन्ही टोकं पुन्हा जुळतील इतकं यंत्र मागे आणून राहिलेली लांबी मोजायची. दहा सेंटिमीटरपैकी जेवढं मागे आलं ती टक्केवारी.

लिहायला सोपं आहे. सोलापुरात एप्रिल संपताना १५ अंशांचं पाणी तासभर १५ वर धरून ठेवणं हे खरं काम. पत्र्याच्या लॅबमध्ये नळाचं पाणीच तिशीच्या वर येतं. कूलिंग युनिट आहे, पण वीज गेली की बाथ बघता बघता चढतो. मामा सकाळी लवकर बर्फाच्या कारखान्यातून लादी आणायचे, गोणपाटात गुंडाळून. ती फोडून बाथच्या कडेला, नमुन्यापासून लांब ठेवायची. नमुन्याजवळ गार प्रवाह गेला तर एका बाजूचं डांबर कडक होऊन आकडा बिघडतो. दोन थर्मामीटर, एक नमुन्याच्या रेषेत आणि एक टोकाला. आणखी एक गोष्ट: ताणलेली तार जड पडून तळाला टेकली तर ती चाचणी रद्द, म्हणून पाण्यात मीठ विरघळवून त्याची घनता डांबराशी जुळवून घ्यावी लागते.

सल्लागार सर दुसऱ्या दिवशी वेळेवर आले. तिन्ही नमुने शेजारी शेजारी ताणले. पहिल्या नमुन्याची तार शेवटपर्यंत जाड, गोल आणि एकसारखी राहिली. मामा वाकून बघत म्हणाले, “मॅडम, हे वडाच्या चिकागत ताणतंय की.” कात्री लावताच त्याची टोकं पाण्यात सरसर मागे सरकली, पहिल्या काही सेकंदांतच निम्म्याच्या वर. दुसऱ्याची तार मध्येच बारीक झाली होती. कापल्यावर टोकं थोडी हलली आणि तशीच पडून राहिली. तास संपेपर्यंत सर उभेच होते. जुळवणी करून मोजल्यावर सर्वांत वरचा सॉफ्टनिंग पॉइंट असलेल्या डांबराची रिकव्हरी तिघांत सर्वांत कमी निघाली. सर काही वेळ वहीतले दोन्ही आकडे बघत राहिले आणि म्हणाले, “पुढचं पण सगळं करून घ्या मग. मी वर बोलतो.” त्या एका वाक्याने आम्हाला वेळ आणि बाहेरच्या लॅबचा खर्च, दोन्ही मिळालं.

तिसऱ्या नमुन्याची गोष्ट वेगळी होती. टँकरमधून घेतलेल्या डब्याची रिकव्हरी उत्तम, पहिल्याच्या तोडीची. प्लांटच्या टाकीतून घेतलेल्या डब्याची मात्र खूपच घसरलेली. पुरवठादार एकच, माल एकच. इथे सेपरेशनची, म्हणजे पॉलिमर डांबरापासून वेगळं होतं का हे बघायची, चाचणी कामाला आली. इंचभर व्यासाच्या ॲल्युमिनियमच्या नळीत साधारण ५० ग्रॅम डांबर भरायचं, तोंड दाबून बंद करायचं आणि नळी उभी धरून १६३ अंशांच्या ओव्हनमध्ये न हलवता ठेवायची. अमेरिकी पद्धतीत ४८ तास ठेवतात. नंतर नळी उभीच फ्रीजरमध्ये, मग तिचे तीन तुकडे. मधला टाकून द्यायचा, वरच्या आणि खालच्या तुकड्याचा सॉफ्टनिंग पॉइंट काढायचा. पॉलिमर शोषून फुगलेला भाग हलका असतो, तो वर चढतो. दोन टोकांत तीन अंशांपेक्षा जास्त फरक म्हणजे पॉलिमर आणि डांबर एकमेकांना धरून राहत नाहीत.

तिसऱ्याचा वरचा तुकडा कापतानाच रबरासारखा लागत होता, खालचा काचेसारखा तुटला. फरक मर्यादेच्या बराच बाहेर होता. त्या प्लांटच्या टाकीत ढवळणी चालू नव्हती, आणि खालच्या व्हॉल्व्हमधून पंप ओढत होता तो जवळजवळ पॉलिमर नसलेला माल. असं डांबर ताजं असताना सगळ्या चाचण्यांत पास होईल. एसबीएस डांबराशी बांधून ठेवायला उत्पादक सहसा थोडं गंधक वापरतात, त्याने साखळ्या एकमेकांना जोडल्या जातात. दळणं घाईत उरकलं, मुरायला वेळ दिला नाही किंवा ही जोडणी नीट झाली नाही, तर फरक असा टाकीत उघडा पडतो.

यापुढच्या चाचण्या साइटवर होण्यासारख्या नव्हत्या. डायनॅमिक शिअर ऱ्हिओमीटर, डीएसआर, आमच्याकडे नाही. लहान डबे नीट बांधून मी स्वतः पुण्याच्या एका प्रयोगशाळेत घेऊन गेले. कुरिअरने पाठवता आले असते, पण कोणता डबा टँकरचा आणि कोणता टाकीचा, यात गोंधळ मला नको होता, आणि यंत्रापाशी उभं राहून बघायचंही होतं.

डीएसआरमध्ये नमुना किती छोटा असतो ते पाहून नवीन माणूस चकित होतो. २५ मिलिमीटर व्यासाच्या दोन तबकड्या, मध्ये एक मिलिमीटरची फट, त्यात डांबराची टिकली. वरची तबकडी टेकवल्यावर बाहेर आलेलं डांबर गरम पातीने कडेकडेने कापतात, मग फट अगदी किंचित कमी करतात म्हणजे कडेला हलकासा फुगवटा येतो. तो फुगवटा चुकला तर सगळा आकडा चुकतो, कारण तबकडीच्या कडेचाच वाटा त्यात सर्वांत मोठा. तिथल्या तंत्रज्ञ बाईंनी एक नमुना फक्त कड जरा खोल कापली गेली म्हणून पुसून टाकला आणि नव्याने लावला. सेकंदाला १० रेडियन या गतीने तबकडी मागेपुढे हलते आणि डांबराचा ताठपणा आणि त्याचा उशीर, म्हणजे फेज अँगल, दोन्ही मोजले जातात. ताज्या डांबराला १ किलोपास्कल आणि आरटीएफओमधून काढलेल्याला २.२ किलोपास्कल ही किमान हद्द. आरटीएफओ म्हणजे काचेच्या बाटल्यांत ३५-३५ ग्रॅम डांबर घालून १६३ अंशांवर ८५ मिनिटं फिरवायचं, वरून गरम हवेचा झोत. हॉटमिक्स प्लांटमध्ये खडीवर पातळ पसरताना डांबर जेवढं भाजून निघतं, तेवढं इथे भाजतात. घट्ट पीएमबी कधी कधी बाटलीत नीट पसरत नाही, तेव्हा बाटल्या मधूनच बघाव्या लागतात.

या हद्दी तिन्ही नमुन्यांनी ओलांडल्या. दुसऱ्यानेसुद्धा, आणि चांगल्या फरकाने. ताठपणाची चाचणी ताठ डांबराला पास करणारच. खरी निवड एमएससीआरने केली. मल्टिपल स्ट्रेस क्रीप रिकव्हरी. आरटीएफओमधून काढलेल्या डांबरावर एक सेकंद दाब, नऊ सेकंद विश्रांती, असं पुन्हा पुन्हा. आधी ०.१ किलोपास्कलचा हलका दाब, मग ३.२ किलोपास्कलचा जड. पडद्यावर दर फेरीला रेघ उसळते आणि परत खाली येते. जेवढी खाली येत नाही तेवढा कायमचा वाकडेपणा, त्यालाच दाबाने भागून जेएनआर काढतात.

आम्ही ही चाचणी ६४ आणि ७० या दोन्ही तापमानांवर मागितली होती, कारण आपल्या रस्त्याचं दुपारचं तापमान याच पट्ट्यात येतं. इलास्टिक रिकव्हरी १५ अंशांवर होते, पॉलिमर आहे की नाही ते ती छान सांगते, पण १५ अंश हे आपल्या रस्त्याचं उन्हाळ्यातलं तापमान नव्हे. एमएससीआर थेट उन्हातल्या रस्त्यावर नेऊन उभं करते. ६४ अंशांवर पहिल्या नमुन्याची रेघ दर विश्रांतीत जवळजवळ पूर्ण खाली येत होती आणि पुढच्या फेरीची सुरुवात मागच्या फेरीच्या आसपासच व्हायची. दुसऱ्याची रेघ जिन्याच्या पायऱ्यांनी वर चढत गेली. शेवटच्या फेरीपर्यंत ती चढतच होती. तिथे उभं राहून मला आमच्या डाव्या लेनचे वरंबे आठवले, हेच तिथे वर्षानुवर्षं झालं होतं.

अमेरिकेतल्या आशटो या महामार्ग अधिकाऱ्यांच्या संघटनेच्या प्रतवारीत जेएनआरची वरची हद्द वाहतुकीप्रमाणे बदलते: नेहमीच्या वाहतुकीला ४.५, जड वाहतुकीला २, अति जड वाहतुकीला १ आणि त्यापलीकडे ०.५. यात फक्त वाहनांची संख्या धरत नाहीत, वेगही धरतात. ताशी २० किलोमीटरच्या खाली सरकणारी किंवा उभी राहणारी वाहतूक असेल तर हद्द कडक होते, कारण चाक जितका जास्त वेळ एका जागी, तितका दाब जास्त वेळ. हे वाचताना माझ्या डोळ्यांसमोर ऊस होता. सोलापूर जिल्ह्यात गाळपाचा हंगाम सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर चढावर माणसाच्या चालीने जातात, वळणावर थांबतात. हंगाम संपत येतो तो फेब्रुवारी-मार्चला, आणि तोवर आपल्याकडे ऊन चढलेलं असतं. या पट्ट्यावर एक लांब चढ आणि पुढे टोलनाक्याची रांग आहे. म्हणून तिथे ‘अति जड’चीच हद्द धरायची असा आग्रह मी अहवालात लिहून दिला. पहिला नमुना त्यात बसला. तिसऱ्याचा टँकरचा डबा बसला, टाकीचा बसला नाही. दुसरा बसला नाही.

फ्लोरोसेंट सूक्ष्मदर्शकाखालीही नमुने पाहायला मिळाले. निळ्या उजेडात पॉलिमरचा भाग पिवळा चमकतो, डांबर काळं राहतं. पहिल्या नमुन्यात सगळीकडे बारीक, सारखं पसरलेलं पिवळं दिसलं. तिसऱ्याच्या टाकीतल्या नमुन्यात तुरळक मोठे ठिपके, मध्ये रिकामा काळा भाग. दुसऱ्यात पिवळं शोधावं लागत होतं. ही चाचणी आमच्या निकषांत नव्हती, तरी साइटवरच्या बैठकीत या तीन फोटोंनी जेवढं समजावलं तेवढं माझ्या तक्त्याने समजावलं नाही.

पहिला पुरवठादार निवडला गेला. तो तिघांत स्वस्त नव्हता. पण निवडीसोबत आम्ही आमच्या स्वतःच्या प्लांटवरही अटी घातल्या, आणि त्या मला चाचण्यांइतक्याच मोलाच्या वाटतात. टाकीत ढवळणी सतत चालू पाहिजे, तिची मोटर बंद पडली तर त्या टाकीतून उत्पादन बंद. टाकीचं तापमान १८५ च्या वर जाऊ द्यायचं नाही. जास्त उष्णतेत ब्युटाडाइनचा भाग हवेशी संयोग पावतो, साखळ्या तुटतात, आणि महागाचं पीएमबी हळूहळू साध्या डांबराकडे परत जातं. प्लांट ऑपरेटरला घट्ट डांबर पंपाला जड जातं म्हणून तापमान वाढवायचा मोह होतो, ते मी समजू शकते, त्याच्यावर दिवसाच्या टनांचा दबाव असतो. म्हणून ही अट त्याला लेखी दिली, त्याच्या वरिष्ठांच्या सहीने, म्हणजे त्याला कोणी घाई केली तर दाखवायला कागद असावा.

रस्त्यावर टाकतानाही पीएमबीचा माल वेगळा वागतो. थंड व्हायला लागला की पटकन ताठरतो, म्हणून रोलर पेव्हरच्या, म्हणजे माल अंथरणाऱ्या यंत्राच्या, अगदी मागे हवा. आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे वारा सुटतो, त्या वेळी ट्रकवर ताडपत्री नसेल तर वरचा माल प्लांट ते साइट एवढ्यातच हातचा जातो. दबाई कमी पडली की पोकळ्या राहतात, आणि मग लॅबमध्ये सिद्ध केलेलं सगळं वाया. पहिल्या चाचणी पट्ट्यावर कोअर, म्हणजे थरातून कापलेले गोल तुकडे, काढून घनता पाहिली, रोलरच्या फेऱ्यांचा क्रम दोनदा बदलला, मगच पुढचं काम सुरू केलं.

आता दर टँकरमागे साइटवर सॉफ्टनिंग पॉइंट आणि इलास्टिक रिकव्हरी काढतो, टाकीतून दर आठवड्याला वरचा आणि खालचा असे दोन नमुने घेतो, आणि ठरलेल्या टप्प्यांना एमएससीआरसाठी पुण्याला पाठवतो. प्रत्येक टँकरचा एक लहान डबा तारीख, सील नंबर आणि तो माल कुठल्या किलोमीटरला पडला हे लिहून कपाटात ठेवला आहे. कपाट पत्र्याच्या लॅबमध्ये नाही, ऑफिसच्या सावलीच्या खोलीत आहे. मार्चमध्ये ऊस आणि ऊन एकत्र आलं की तीन मीटरची पट्टी घेऊन चढावरच्या ठरवलेल्या जागा मोजायच्या, आणि कुठे चाकोरी दिसली तर त्या किलोमीटरचा डबा उघडून पुन्हा १५ अंशांच्या पाण्यात ताणायचा, असं मामांशी बोलून ठेवलं आहे. बर्फाच्या कारखान्याचा नंबर त्यांनी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला आहे.